गोष्टीखालची जमीन

गोष्ट नुसती सांगून मला चैन पडत नाही. तिच्याखाली काय पुरलंय ते उकरून पाहिल्याशिवाय माझे हात स्वस्थ बसत नाहीत. कॉलेजात इतिहास शिकले, त्याचा नोकरीला काडीचा उपयोग झाला नाही. इथे जपानमध्ये, कोतो भागातल्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. पण मुलीला गोष्टी सांगायला बसले की तो इतिहास उफाळून येतो. गेल्या हिवाळ्यात उरायासुच्या आमच्या फ्लॅटमध्ये ग्रीक आणि नॉर्स देवांचा मुक्काम होता. मुलीच्या जपानी शाळेतल्या पोरांना हे देव गेममधून पाठ झाले होते आणि तिला त्यांच्यापेक्षा जास्त माहिती हवी होती.

ती मी हौसेने पुरवली. एकडोळ्या राक्षसाबद्दल सांगितलं की भूमध्य समुद्रातल्या बेटांवर एके काळी बुटके हत्ती होते. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या जागी, बरोबर मधोमध, एक मोठं भोक असतं. ज्याने जन्मात हत्ती पाहिला नाही त्याला ती डोळ्याची खोबणच वाटणार, असा काही जणांचा अंदाज आहे. मुलगी खूश झाली. मग उत्तरेकडची गोष्ट सांगितली. जग बुडण्याआधी लागोपाठ तीन हिवाळे येतात, मध्ये उन्हाळा नाहीच. त्या गोष्टीमागे सहाव्या शतकातले ज्वालामुखी असावेत असं अभ्यासक म्हणतात. धुराळ्याने सूर्य झाकोळला, झाडांच्या खोडांतली त्या वर्षांची वलयं बारीक राहिली, तिकडची गावंच्या गावं ओस पडली. लोकांनी सोनं जमिनीत पुरलं, बहुधा सूर्य परत यावा म्हणून. हे ऐकून तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मला ते दिसलं होतं, पण मी रंगात आले होते.

तिसरी गोष्ट हेलिकेची. ग्रीकांचा समुद्रदेव चिडला की त्रिशूळ आपटतो आणि जमीन हादरते. त्याचंच मोठं देऊळ असलेलं हे शहर एका रात्रीत भूकंपाने खचलं आणि वर समुद्र आला. पुढे लोक ते समुद्रात शोधत राहिले. सापडलं मात्र जमिनीवर, शेतांखालच्या गाळात, कारण मधल्या काळात तिथे नद्यांचा गाळ साचून पाणीच मागे हटलं होतं.

आमची इमारत उभी आहे ती जागाही पूर्वी समुद्र होती. भराव टाकून ती जमीन केली. मोठ्या भूकंपाच्या वर्षी इथल्या रस्त्यांतून वाळू आणि पाणी वर आलं होतं, विजेचे खांब कलले होते. आम्ही तेव्हा इथे नव्हतो, पण शाळेत मुलांना त्याचे फोटो दाखवतात. मुलीने थोडा विचार केला आणि विचारलं, "आपली गोष्ट सांगतील तेव्हा त्यात देव कोणता असेल?"

त्या दिवसापासून ती बाथरूमचं दार उघडं ठेवायला लागली, भूकंपात आत अडकू नये म्हणून. इथे लहानसहान हादरे येतच असतात. कपाटातले ग्लास किणकिणतात आणि आपण आमटी वाढून घेतो. आता ग्लास वाजला की ती टेबलाखाली. एका रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल चालू असताना तिने आजीला सांगून टाकलं की मला तुझ्याकडे राहायला यायचंय, कायमचं.

सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी त्याच आठवड्यात शाळांची चौकशी सुरू केली. नवरा आधी माझ्यावर वैतागला. गोष्ट गोष्टीसारखी सांगता येत नाही का तुला, असं त्याने विचारलं आणि मग शांतपणे म्हणाला की एखादं वर्ष जाऊ दे तिला. मी फ्रिज उघडून काय हवं होतं ते विसरायचे. ट्रेनमध्ये जागा असली तरी उभी राहायचे. मुलगी जाणार आणि तिला मीच घालवणार, हे डोक्यातून हलेना.

त्यातच शाळेची ड्रिल आली. भूकंप झालाय असं समजून पालकांनी यायचं आणि आपापलं मूल ताब्यात घ्यायचं. आमच्या इमारतीत आपली चार-पाच कुटुंबं आहेत. ज्याला वेळ असेल तो सगळ्यांची पोरं घेऊन येतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. मला मीटिंग होती, म्हणून मी शेजारच्या मावशीला सांगितलं. ड्रिल तर आहे, त्यात काय एवढं, असा माझा हिशोब.

शाळेने मावशीला हात जोडावेत इतक्या नम्रतेने परत पाठवलं. तिचं नाव मुलीच्या पालकांमध्ये नोंदवलेलं नव्हतं. फोन आला तशी मी मीटिंग सोडून ट्रेन पकडली. पोचले तेव्हा व्यायामशाळा रिकामी होती. मधोमध माझी मुलगी पाठ ताठ ठेवून बसली होती, डोक्यावर भूकंपात घालायची ती जाड कापडी टोपी, आणि शेजारी तिच्या बाई गुडघे टेकून बसल्या होत्या. तिला तसं बघून मला रडू आलं. बाईंनी मलाच त्रास दिल्याबद्दल माफी मागितली.

बाहेर पडल्यावर मुलीने जपानीत विचारलं, ट्रेनने आलीस का. मी हो म्हटलं. खऱ्या भूकंपात ट्रेन बंद असतात, ती म्हणाली. मी म्हटलं, मग मी चालत आले असते.

"कशावरून?" तिने मराठीत विचारलं. हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला होता.

म्हणून शनिवारी सकाळी मी ट्रेनने कोतोला गेले आणि ऑफिसच्या दारातून घराकडे चालायला लागले. ती बाबाबरोबर शाळेच्या फाटकाशी थांबणार होती. कालव्यांवरून, गोदामांच्या कडेने चालत आराकावा नदीच्या लांबलचक पुलावर आले. ट्रक गेला की पायाखाली थरथर जाणवायची. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारी मी चक्क रामरक्षा पुटपुटत पुढे सरकत होते. हा पूलच पडला तर, हा विचार आला तशी मी पावलं भराभर उचलली. मध्ये कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, ओनिगिरी हा भाताचा गोळा घेतला तो चालता चालताच खाल्ला. बसले असते तर उठले नसते. दुसरा पूल ओलांडला तेव्हा डाव्या टाचेला फोड आला होता आणि माझा स्वतःवरचा राग कुठे तरी मागे पडला होता. फक्त पोचायचं होतं.

फाटकाशी तिने मला लांबूनच पाहिलं, पण पळत आली नाही. जवळ गेल्यावर बूट काढायला लावला, फोड नीट पाहिला आणि घरापर्यंत माझी पिशवी स्वतः धरली.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. शाळा ठरली होती, दप्तर कोणत्या रंगाचं घ्यायचं एवढंच विचारायचं होतं. मी टाचेला पट्टी लावत होते. मुलीने फोन दोन्ही हातांत धरला.

"आजी, मी नाही येत. भूकंप झाला की आई मला घ्यायला चालत येणारे. मी तिथे नसले तर ती शोधत बसेल."