लेझरचे मास्क आणि सासऱ्यांची परीक्षा

घाटकोपरच्या आमच्या गाळ्यात लेझर वेल्डिंगचं मशीन आलं तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, मशीनला हारही घातला. वेल्डिंग करताना तोंडावर काय घालायचं, हे मात्र कोणाला सुचलं नाही. विषय मीच काढला. नवरा म्हणाला, "बाबा ठरवतील."

बाबा म्हणजे माझे सासरे. मालवणी माणूस, जन्मभर वेल्डिंग केलेला. काम सोडलं तरी रोज गाळ्यात हजर आणि प्रत्येक गोष्टीत नाक.

मी नमुन्याला मास्क मागवले. लेझरसाठीच बनवलेले हिरव्या काचेचे दोन आणि चुकून आलेला एक साध्या पारदर्शक प्लास्टिकचा. शेजारी सासऱ्यांनी आपला जुना, काळ्या काचेचा ठेवला. त्यांची परीक्षा ठरलेली. दारात उभं राहायचं, उजवा डोळा मिटायचा, मास्कातून डाव्याने सूर्याकडे बघायचं. सूर्य दिसला नाही की मास्क पास. वर म्हणायचे, "उजवो डोळो कित्याक वाया घालवूचो?"

काळा पास झाला. हिरवा त्यांनी डोळ्याला लावलाच नाही. "ह्यो मास्क? ह्यो तर गॉगल!"

माझं डोकं फिरलं. "अहो बाबा, लेझरचा किरण डोळ्यांना दिसतच नाही! काच नुसती काळी असून काय करायचंय? आपल्या मशीनच्या किरणाचा आकडा काचेवर छापलेला लागतो. तो हिरव्यावर आहे."

"जन्मभर काळी काच वापरलंय. आंधळो झालंय काय मी?"

झालं. आमचा श्रावणबाळ काळा मास्क उचलून मशीनकडे निघाला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. "अरे, डोळे तुझे जातील! बाबांचा हट्ट राहील जागेवर!"

तरी सासरे दारातून हलेनात. उजवा डोळा मिटून, हात पुढे करून पुढचा मास्क मागत म्हणाले, "हाड, आणखी खयचो हा तो." रागाच्या भरात मी तो पारदर्शक प्लास्टिकचा त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तोंडासमोर धरला, भर दुपारच्या सूर्याकडे मान वर केली आणि म्हणाले, "झकास! काय्येक दिसना नाय."

मी हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. नवरा पुढे आला. त्याने तो मास्क हळूच काढून घेतला.

"बाबा, हा डावा डोळा... कधीपासून?"

"झाली बरीच वर्षां," सासरे पुटपुटले. "सांगितलं असतंय तर कामार कोणी ठेवल्यान असतो? तुझी शाळा चालू होती."

मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकं भरूनही आलं, की काय करावं कळेना. नवऱ्याने हिरवा मास्क चढवला. दुसरा मी सासऱ्यांच्या डोक्यावर बसवायला लागले.

"माका कित्याक गो? माझो तर गेलोच आसा."

"एक गेलाय!" मी ओरडलेच. "दुसरा आहे ना अजून!"