पाच वाजेपर्यंतचा नकाशा

माझा मामा मतदारसंघ आखायच्या कचेरीत आरेखक होता. एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस, पण रेघेच्या बाबतीत महाहट्टी. त्याच्या शेजारच्या टेबलावर मी टायपिंग करायची.

तो म्हणायचा, "डोकी मोजून सारखे तुकडे पाडले की गल्ल्या तुटतात. ओढा नाहीतर रस्ता धरून आखलं तर गल्ल्या वाचतात, पण डोकी कमीजास्त पडतात. त्यापेक्षा दोन पक्षांपैकी एकाने शहर कापावं, दुसऱ्याने त्यातला एक तुकडा कायम करावा आणि उरलेलं पुन्हा कापावं. मग पहिल्याची पाळी. दोघेही चोर असले तरी भागतं."

साहेबांनी हीच पद्धत घेतली, दोन्ही पक्षांनी सह्या केल्या. एका पक्षाकडून कापायला बसलेल्या पैलवानाने पहिल्याच डावात आमच्या विणकर गल्लीचे तीन तुकडे केले, कारण इथली मतं त्याला कधी पडलीच नव्हती. पण दुसऱ्या पक्षाने उरलेलं पुन्हा कापलं आणि फेऱ्या संपल्या तेव्हा गल्ली अख्खी होती.

नियम असा की सह्या झालेली एकमेव प्रत कचेरीच्या फलकावर संध्याकाळी पाचपर्यंत टिकली तरच नकाशा कायम, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा. सकाळी मामाने तो दाराबाहेर चिकटवला. खळ मी लावली.

चारला पैलवान सहा जणांना घेऊन त्याच फलकासमोरून आत आला. सरकारी फलक वाचतो कोण? रखवालदाराचं डोकं फुटलं, कपाटं आडवी झाली, साहेब मोरीत जाऊन बसले.

"नकाशा कुठंय?"

त्यांनी मामाचा उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि लाथ मारून खण बंद केला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा लाथ. मग डावा हात. रक्त खणातून माझ्या चपलेपर्यंत आलं.

मला एकाने केसांना धरून भिंतीशी दाबलं होतं. मी नुसती दाराकडे मान वळवली असती तरी सुटला असता तो. मामाने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच 'नाही' म्हटलं. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. रेघ काय हातापेक्षा मोठी? पण मी तोंड उघडलं नाही. ते पाप माझंच.

पाचचे ठोके पडले. मामा म्हणाला, "बाहेर लावलाय. जाताना बघून जा." पैलवानाने त्याच्या तोंडावर बूट मारला. साहेब मोरीतून निघाले आणि त्यांनी बाहेर जाऊन नकाशावर शिक्का मारला.

मतदानाच्या दिवशी मी मामाला केंद्रावर नेलं. मागे अख्खी गल्ली रांगेत होती. शाईवाल्याने न बघताच विचारलं, "काका, बोट?"

मामाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "त्यातल्या त्यात सरळ बघून लाव."

शाईवाल्याने आता वाकून पाहिलं; एकही बोट सरळ नव्हतं. शेवटी त्याने मामाच्या मनगटावर रेघ ओढली.

"वाकडी आली रे," मामा म्हणाला. आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, हंबरडा फोडला.