आक्काच्या हसण्यावरचा पहारा

फोन सुमनचा होता. धानोऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घराला लागूनच तिचं घर. "भाऊ, आक्का गयी," एवढं म्हणून ती रडायला लागली. माणूस गेल्याचं कळलं की आपण विचारतो, कधी? मी विचारलं, "कशी?" सुमनने हुंदका आवरला. मग म्हणाली, "झोपमाच गयी." माझा विश्वास बसला नाही. नंदुरबारहून निघालो, पण सगळ्या वाटेवर डोक्यात एकच प्रश्न होता... आक्का गेली, की तिने स्वतःला संपवलं? गावातली माणसं अशा वेळी भावाला खरं सांगतीलच असं नाही.

सख्खी बहीण गेली आणि हा शंका काढत बसला, असं कोणालाही वाटेल. मी कोर्टात कारकुनी केलेला माणूस. वाढलेल्या ताटाचाही मी पुरावा मागतो, असं घरचे म्हणतात. पण ही शंका कोर्टातून आलेली नव्हती. मी लहान असताना एक दिवस आमची आई फार आनंदात होती. एरवी महिनोन् महिने गप्प असणारी ती बाई त्या दिवशी वडिलांची थट्टा करत होती. तिने पुरणपोळ्या केल्या, आक्काच्या केसांना तेल लावून वेणी घातली, मला मांडीवर घेऊन भरवलं. दुसऱ्या दिवशी ती मळ्यातल्या विहिरीत सापडली. तेव्हापासून रडणाऱ्या माणसाचं मला भय वाटत नाही. दुःखातलं माणूस एकाएकी हसायला लागलं की मात्र मी सावध होतो.

आक्काचे यजमान लवकर गेले. पुढे एकुलता एक मुलगाही अपघातात गेला. कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी डबा घेऊन जायचो, दोन घास खायला लावायचो आणि परत यायचो. वाईट वाटायचं, पण ते मला समजत होतं. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गेलो, तर दारच्या निंबाला झोका बांधलेला. गल्लीतल्या पोरी भोवती उभ्या, आणि पिवळं लुगडं नेसलेली आक्का स्वतःच झोक्यावर. मला बघून म्हणाली, "ये, तू बी बठ." मी बसलो नाही. त्याच दिवशी कापसावर फवारायच्या औषधाच्या बाटल्या तिच्या घरातून गुपचूप उचलल्या आणि सुमनला सांगून ठेवलं, सकाळी दार उघडलं नाही तर आधी मला फोन कर.

पुढची कित्येक वर्षं हे असंच चाललं. ती आनंदात आणि मी पाळतीवर. बाजाराच्या दिवशी ती बर्फगोळा खायची आणि लाल झालेली जीभ सुमनच्या पोरांना काढून दाखवायची. संध्याकाळचा चहा बशीत ओतून, ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून प्यायची. वांगी भाजायला घेतली की धुराने डोळे चोळत, भरीत कसं जमणार याचं वर्णन आधीच सुरू करायची. लोक म्हणायचे, म्हातारीने दुःख गिळलं. मी मनात म्हणायचो, गिळलेलं कधी वर येईल त्याचा काय भरवसा?

एकदा गल्लीतल्या बायकांनी तोरणमाळला जायला जीप ठरवली. बोलावणं नसताना मीही चढलो. वळणावळणाला बाकीच्या बायका देवाचं नाव घेत होत्या आणि आक्का खिडकीतून मान काढून खालची झाडं बघत होती. वर सीताखाईच्या कडेला ती पुढे झाली, तसा मी तिचा पदर घट्ट धरला. ती वळली.

"पदर सोड. मी कोठे जात नही."

मी सोडला नाही. मग ती अगदी हळू बोलली, बायकांना ऐकू जाणार नाही असं. "मायनं हासनं तू देखेल शे, म्हनीसन मन्हं हासनं तुले खपत नही. माले काय समजत नही का? पन रोज सकायले मी ठरावस, आज हासनं शे."

"मग एखाद दिवस रडायचं ठरव ना," मी म्हणालो. "मला जरा बरं वाटेल."

"रडस ना. रोज रडस, आंघोय करतांना. मंग तोंड पुसस नि भाहेर येस."

त्यावर ती हसली. मला हसू आलं नाही, पण पदर सुटला. तरी मनातली पाल चुकचुकायची ती चुकचुकतच राहिली. ठरवून हसणारं माणूस एखाद्या दिवशी दुसरंही काही ठरवू शकतं, असं मला वाटे. तिच्यावर माझा फार जीव होता, आणि तो जीव असा पहारेकऱ्यासारखा दारात उभा असायचा.

त्या दिवशी धानोऱ्याला पोचलो. आक्का शांत पडली होती. डॉक्टर येऊन हृदय थांबल्याचं सांगून गेले होते. तेही मला पुरेना. बायका रडत होत्या आणि मी मागच्या खोल्यांमधून फडताळं उघडत, बाटल्या हुंगत फिरत होतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ताटलीने झाकलेलं मोठं पातेलं दिसलं. उघडलं, तर पाण्यात ज्वारी.

सुमन मागे येऊन उभी राहिली होती. "बिबडासनी जवारी शे," ती म्हणाली. "काल सांजले भिजाडी. परवा कांडनी व्हती. समदी गल्लीले सांगेल व्हतं आक्कानी."

बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग कांडून, शिजवून उन्हात घालायच्या. खायच्या वर्षभर. आईने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या, पण उद्यासाठी घरात मूठभर डाळसुद्धा भिजत घातली नव्हती. आजी ते पुढे जन्मभर सांगत असे.

मी तिथेच जमिनीवर बसलो. आक्का परवाची वाट बघत गेली होती. तिचं हसणं खरं होतं... तेव्हा कुठे मी रडलो, भाऊ रडतो तसा.

"फेकी देऊ का?" सुमनने विचारलं. सुतकात बिबड्या कुठल्या व्हायला? मी नको म्हणालो. उठून पाणी बदललं आणि पातेलं पुन्हा झाकून ठेवलं. पुढे ती ज्वारी गाईला घातली.

हल्ली मी संध्याकाळी मूठभर मूग भिजत घालतो. बायको माझ्याकडे संशयाने बघते, कारण मला मूग मुळीच आवडत नाहीत.