दांड्यावर घातलेलं नाव

भांड्यावर नाव घालणारा माणूस दिसला की आजही माझं डोकं फिरतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण दुसरं महायुद्ध संपल्यानंतर आमच्या ट्रकचं जे झालं, ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

ट्रक लष्कराच्या मोडीतला, चुलत्यांनी लिलावात घेतलेला. सांगलीहून गूळ भरायचा, साताऱ्यापुढचा खंबाटकीचा घाट कुठंही न थांबता चढायचा आणि बाकीच्या ट्रकांच्या आधी पुण्याच्या बाजारात पोचायचं, ही त्यांची हौस. चालवणार माझा थोरला भाऊ. मी पलटणीच्या वर्कशॉपातून नुकताच सुटून आलेला, म्हणून इंजिन जास्त ताकदीचं बांधायचं काम माझ्याकडे आलं.

अशा इंजिनात सगळा मार खातो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा पोलादी दांडा. मोडीच्या ढिगात बसून मी एकेक दांडा टांगून वाजवून पाहिला. बद्द वाजला की बाजूला. वाकडे काढले, गंजलेले काढले. उरलेल्यांतून सोनाराच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाचे सहा निवडले. मग पॉलिश पेपरने उभे घासून लख्ख केले, कारण दांड्यावर आडवा ओरखडा राहिला की तडा तिथूनच जातो. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. भिंतींना सांगितलं असतं तरी चाललं असतं.

खंडेनवमीला चुलत्यांनी ते दांडे पूजेला मांडले. मी बेअरिंगं आणायला सांगलीला गेलो होतो. परत येऊन बघतो तर प्रत्येक दांड्यावर, ऐन मधोमध, छिन्नीने ठोकून चुलत्यांचं नाव, खालच्या ओळीत गाव! तांब्यापरातींवर नावं घालणारा दारावर आला होता, त्याच्याकडून घालून घेतलं होतं.

"आबा, आवं ह्ये काय केलंसा?" मी ओरडलोच.

"लग्नात भांडी बदलत्यात, मग गॅरेजात दांडं न्हाईत व्हय बदलायचं? आता कुणाची टाप हाय!"

"ह्यो तांब्या न्हवं! घाटात तुटंल. दादाच्या जिवाशी खेळ हाय."

"नावानं कवा लोखंड तुटलंय का रं?"

मी ते दांडे बसवायला साफ नकार दिला. अख्खं घर माझ्यावर उलटलं. पलटणीत गेला आणि लय शहाणा झाला म्हणे! चुलत्यांनी दुसरा मिस्त्री आणून इंजिन बांधून घेतलं. भाऊ मुकाट गाडीवर बसला. थोरल्यांपुढे तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती, पण मी उघडलं होतं ना? त्याचाही मला राग आला, अजून येतो.

खंबाटकीच्या चढावर दांडा तुटला आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर पडला. भरलेला ट्रक मागे घसरत डोंगराच्या अंगाला टेकला, म्हणून भाऊ दरीत गेला नाही. पुढचे दात पडले आणि हनुवटी फाटली, तेवढ्यावर निभावलं.

पुढे काही दिवसांनी त्या घाटापलीकडच्या खंडाळ्याचा एक भला माणूस पत्ता विचारत दारात आला. रस्त्यात सापडलेला अर्धा दांडा त्याने फडक्यात बांधून आणला होता. दांडा बरोबर नावाच्या ओळीवर तुटला होता. खालची गावाची ओळ शाबूत होती.

चुलत्यांनी तो तुकडा माझ्यापुढे नाचवला. तोंडाला पट्टी बांधलेला भाऊ शेजारीच बसला होता.

"बघ! नाव घातलं हुतं म्हणून दांडा घरी परत आला. तुझं ऐकलं असतं तर गेला हुता की!"