विंचूरच्या गोणीवरचं वर्तुळ

न पाहिलेल्या देशातल्या पोस्टरवरची पांढरी जागा पुन्हा पुन्हा का बघावीशी वाटावी? मला खरंच सांगता येत नाही. कमर्शियल आर्टच्या वर्गात सरांकडे स्वित्झर्लंडची जुनी मासिकं आहेत. एक वर्तुळ, दोन साधे शब्द, बाकी सगळं मोकळं. आमच्या कॉलनीतल्या घरी दोन खोल्यांत सात माणसं. एवढी मोकळी जागा मी प्रथम त्या कागदावर पाहिली.

अहमदाबादला असं डिझाइन शिकवणारी संस्था आहे. अर्जासोबत प्रत्यक्ष वापरात असलेलं एक काम लागतं. माझं एकच होतं: विंचूरच्या एका कांदा संघासाठी काढलेलं चिन्ह. जाड वर्तुळ, आत भरीव टिंब. गोणीवर उठलेलं ते मी अजून पाहिलं नव्हतं. १९८१ उजाडताच मैत्रिणीचा कॅमेरा मागून घेतला आणि निघाले.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट गोण्या बघायला चालली!" बाबा म्हणाले. डबा मात्र त्यांनीच भरला होता.

जायचं असेल तर नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून येवल्याची सकाळची एसटी धरा. पाच-सहा रुपये तिकीट. डावीकडची खिडकी नको, निफाडपर्यंत गारठा झोंबतो. निफाडला भजी गरम मिळतात, चहा मात्र नुसता पाक. पुढे द्राक्षांचे मांडव, मग कांदा, कांदा आणि त्याचा वास.

संघाच्या आवारात गोण्यांची थप्पी होती. प्रत्येक गोणीवर माझं वर्तुळ, तीन ठिकाणी वेडंवाकडं तुटलेलं. रडूच आलं. गोणीवर पत्र्याचा कापलेला साचा ठेवून काळ्या रंगाचा ब्रश फिरवणाऱ्या बाईंना, हौसाबाईंना, विचारलं, "हे कुणी तोडलं?"

"मीच सांगितलं पत्रेवाल्याला. ताई, तुमचा गोल अख्खा कापला की मधला पत्रा गळून पडतो. त्याला धरून ठिवायला कायतरी नको का?"

गोणी शिवणारा हमाल हसला. "कालेजात पत्रा नसंल."

"गप रे! पोरगी येवढ्या लांबून आली."

तिथलाच पुठ्ठा घेऊन कापून पाहिला. मधली चकती अलगद हातात आली. इतक्या दिवसांत मी साचा कसा कापतात हे कधी बघितलंच नव्हतं.

"मग वर्तुळात समोरासमोर दोन तरी फटी ठेवायच्या, तिथं पत्रा जोडलेला राहील," मी म्हणाले.

"दोन नाय, चार ठिवा. चारी अंगांना. गोणी उलटी पडू दे का सुलटी, सारखीच दिसंल. लांबून वळखू येईल, बाकीच्यांच्या गोण्यांवर बी नुसते गोलच हायेत."

संघाच्या सचिवांनी पत्रेवाल्याला बोलावलं. दुपारी नव्या साच्याचा पहिला ठसा उठला. मी भराभर फोटो काढले. तो ठसा माझ्या चित्रापेक्षा चांगला होता, हे मनाशी कबूल करेपर्यंत परतीची एसटी नाशिकला पोचली होती.

अहमदाबादची ओढ काही कमी झाली नाही. उलट तिथल्या शिक्षकांना आता विचारावंसं वाटतं, तुमच्याकडे साचा कोण कापतं?

अर्जात स्पष्ट छापलंय, काम पूर्णपणे स्वतःचं असावं. सर म्हणाले, "त्या फटींचं कशाला सांगतेस? हातची जागा जाईल." मी फोटोखाली लिहिलं: वर्तुळ आणि टिंब माझं, चार फटी विंचूरच्या हौसाबाईंच्या. काल दुपारी पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवून दिलं.