बिशपचं डोकं आणि माइमूची सौना

आमच्या गावचा किल्ला बांधला बिशपने. म्हणायला देवाचा माणूस, पण भिंती बघशील तर दरोडेखोराला शोभतील अशा. पुढे लढाया झाल्या, स्वीडनवाले आले, रशियावाले आले, छप्पर जळालं, बिशप पळाला. उरले नुसते दगड. ते गावाने नेले, दुसरं कोण नेणार! माइमूच्या आजेसासऱ्याने तर किल्ल्याच्या वेशीवरचं बिशपचं दगडी डोकंच उचललं आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, कोपऱ्यात खाली बसवलं. अख्खी भिंत त्या डोक्यावर उभी. माइमूची सगळी पोरं गावच्या रीतीने त्याच सौनात जन्मली, बिशपच्या नाकासमोर.

एका शनिवारी किल्ल्याच्या कमिटीचा तावेत दारात आला. "माइमू मावशी, वेस पुन्हा बांधतोय. डोकं द्या."

"आणि माझी भिंत काय तुझ्या टोपीवर उभी करू?"

"डोकं किल्ल्याचं आहे, मावशी."

"बरं बरं. आधी अंघोळ कर. सौना तापलीय, आल्या पाहुण्याला कोरडं पाठवत नाही मी."

बाई हुशार. सौनात भांडायचं नाही हा आमचा नेम. आवाज चढवला की अंगावर गळवं उठतात. तिला वाटलं, घामाघूम होईल, मऊ होईल, विसरून जाईल.

पण आत तिचा नवरा एंडेल बसलेला. तावेतने घाम काढायची बर्च झाडाच्या पाल्याची जुडी त्याच्या पाठीवर मारता मारता गोड आवाजात विचारलं, "काका, नेऊ का डोकं?" आता नाही म्हणावं तर भांडण. बिचारा एंडेल म्हणाला, "ने बाबा."

बाहेर आल्यावर माइमू कडाडली, "अरे मेल्या, जीभ भाजली होती का तुझी?"

"सौनात नाही कसं म्हणू गं?"

सौनात दिलेला शब्द फिरवता येत नाही. माइमू थोडा वेळ पायरीवर बसली, टॉवेल पिळत. मग बायकांचा नंबर लागला, आणि तावेतची आई साल्मे नेहमीसारखी अंघोळीला आली. माइमूने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत साल्मे दिसेनाशी झाली, तेव्हा विचारलं, "साल्मे, तुझा लेक डोकं नेतोय. भिंत तोच बांधून देईल ना? चांगल्या जुन्या दगडांची?"

साल्मे खोकली. खूप वेळ खोकली. मग म्हणाली, "देईल की."

झालं! जुने दगड आणायचे कुठून? किल्ल्याच्या दगडाला हात लावायची बंदी, आणि ती घातलेली तावेतनेच. शेवटी आईचाच जुना दगडी गोठा उतरवावा लागला. उन्हाळाभर तो हातगाडी ढकलत होता. माइमू काठी घेऊन उभी, "वाकडा बसलाय, काढ तो."

भिंत झाली, पहिलीहून बरी. बिशप गेला वेशीवर. साल्मेची गाय मात्र त्या हिवाळ्यात कमिटीच्या कचेरीत राहिली. तावेत टेबलाशी, गाय शेकोटीशी. कुणी काही बोललं की साल्मे म्हणायची, "मला नका विचारू, मी तेव्हा सौनात होते."