शहारे मॅडमची दोन्ही जिल्ह्यांची यादी

सेव्हचं बटण दाबण्याआधी शहारे मॅडम दर वेळी मोठ्यानं सांगायच्या, "गोंदियाले जाऊन राहिली बरं मी!" मग क्षणभर थांबायच्या. कुणी हरकत घेतली नाही की बटण दाबायचं. पुढची नोंद भंडाऱ्याची असली की, "आता भंडाऱ्याले आली." नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हे ऐकलं आणि बाई गाडी पकडायला निघाल्या असं समजून दारातून अदबीनं बाजूला झालो. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत; जायची होती ती नोंद, गोंदियाच्या यादीत. सगळं ऑफिस हसलं. पहिल्याच दिवशी आपलं हसं झालं म्हणून मी त्यांच्यावर आठवडाभर डूख धरून होतो.

आमची संस्था भंडारा आणि गोंदियात मुलामुलींची वसतिगृहं चालवायची. जिल्हा एक होता तोवर ऑफिस एक आणि कर्मचाऱ्यांचं रजिस्टरही एक. जिल्हा फुटला तसं ऑफिस फुटलं. वेगळं होताना कुण्या शहाण्यानं जुनी यादी दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उतरवून दिली आणि सांगितलं, पुढचं आपापलं पाहा. दोघांनीही पाहिलं. यादीतल्या शेवटच्या नंबराच्या पुढचे नंबर भंडाऱ्यानं नव्या लोकांना वाटले, आणि गोंदियानंही तेच वाटले. म्हणजे एकाच नंबरावर इकडे पवनीचा स्वयंपाकी आणि तिकडे देवरीचा अधीक्षक. अशा जोड्या किती म्हणून सांगू! बदल्यांची यादी मात्र दर मे महिन्यात दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच लागायची. ती हातानं जुळवता जुळवता मॅडमची मान कायमची धरली होती.

म्हणून दोन्ही डाटाबेसना जोडणारा एकच जावाचा प्रोग्राम करायचं ठरलं आणि त्यासाठी मला घेतलं. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, नवा नवा इंजिनिअर. मला वाटलं, महिन्याभराचं काम, फार तर दीड. हायबरनेट नावाची सोय हाताशी होती. डाटाबेसच्या तक्त्यातली एकेक ओळ ती जावामध्ये एकेक वस्तू करून आपल्या पुढ्यात ठेवते. आपण त्या वस्तूत बदल करायचा, डाटाबेसशी बोलायचं काम हायबरनेटचं. डाटाबेस दोन म्हणून मी आत जायची दारंही दोन केली, एक भंडाऱ्याचं आणि एक गोंदियाचं. झालं, असं मला वाटलं.

मॅडम मूळच्या कोंढ्याच्या. बी.ए. करून क्लार्क म्हणून लागल्या, मग पस्तिशीत, निम्म्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून जावा शिकल्या. हायबरनेटचं पुस्तक त्यांनी खाकी कव्हर घालून ठेवलं होतं आणि त्यात हिरव्या पेनानं मराठीत टिपा लिहिल्या होत्या. माझं काम पाहून त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, "बाबू, नंबर म्हणजे माणूस नाही होत. आपल्याकडं कोणी भेटलं का पहिले गाव विचारतेत, मंग नाव. तुह्या वस्तूले पण गाव पायजे. जिल्हा अन् नंबर, दोन्ही मिळून एक ओळख कर."

बरोबर होतं त्यांचं. पण दोन गोष्टींची मिळून एक ओळख करायची म्हणजे त्या ओळखीचा वेगळा क्लास लिहा, दोन ओळखी सारख्या कधी मानायच्या ते त्यात लिहा, मग आधी बांधलेल्या सगळ्या जोडण्या सोडवून पुन्हा बांधा. माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "करतो न मॅडम. यादी लागू द्या, मग निवांत करतो."

"मंग करतो म्हणणाऱ्याचं धान बांदीत, उभ्या वावरातच सडते," त्या म्हणाल्या. पण वर साहेबांची घाई, खाली माझा आळस. त्यांनी दोनतीनदा आठवण दिली आणि दमून सोडून दिलं.

त्या दमलेल्याच असायच्या. त्याला कारण होतं. नवरा, म्हणजे शहारे सर, आमच्याच संस्थेत, देवरीच्या वसतिगृहावर अधीक्षक. मॅडमचं घर कारध्याला, वैनगंगेचा पूल ओलांडला की पहिल्याच गल्लीत. लग्नाला चार महिने होत नाहीत तोच सरांची नेमणूक तिकडे झाली, त्याला नऊ वर्षं झाली होती. शनिवारी दुपारी एसटीनं निघायचं, संध्याकाळी घरी, सोमवारी उजाडायच्या आत परत. मुलगी दुसरीत होती. तिला कुणी विचारलं, बाबा कुठं असतात गं, तर ती सांगायची, "रविवारी असतात."

"आमचं लगन पण दोन डाटाबेसमधी आहे, बाबू," मॅडम एकदा डबा खाताना म्हणाल्या. हसल्या, मीही हसलो. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाकर तशीच राहिली होती.

त्या वर्षी मात्र गोष्ट ठरल्यासारखी होती. भंडाऱ्याच्या वसतिगृहाचे अधीक्षक निवृत्त होत होते. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणायचा नियम संस्थेत होता, आणि त्या नियमाखाली अर्ज केलेल्यांत सर सगळ्यांत जुने. सरांनी पुस्तकांची पेटी आधीच पाठवून दिली होती. मॅडमनी ती उघडून कपाटात लावलीसुद्धा. त्यांच्या चालण्यात मला पहिल्यांदाच घाई दिसली.

यादी संध्याकाळी पाचला सचिवांकडे जायची होती, त्याच दिवशी सकाळी मी घाण केली. पवनीच्या त्या स्वयंपाक्याची जन्मतारीख चुकली होती, ती मी दुरुस्त केली. नोंद भंडाऱ्याच्या दारातून आणली आणि सेव्ह करताना गोंदियाच्या दारातून आत ढकलली, कारण माझ्या प्रोग्रामात शेवटी उघडलेलं दार तेच होतं, आणि वस्तूवर तिचं गाव लिहिलेलं नव्हतं. हायबरनेटनं नंबर पाहिला. तो नंबर गोंदियात सापडला. त्या ओळीवर त्यानं निमूटपणे स्वयंपाकी लिहून टाकला. ना एरर, ना कुरकुर. मी चहाला गेलो.

दुपारी मॅडम छापलेली यादी ओळीखाली पट्टी धरून वाचत होत्या. देवरीपाशी पट्टी थांबली.

"बाबू, हा कोण?"

मी वाकून पाहिलं. देवरीच्या अधीक्षकाच्या जागी पवनीचा स्वयंपाकी बसला होता. शहारे सर कुठेच नव्हते. त्यांची नऊ वर्षं त्याच ओळीत लिहिलेली, तीही गेली, अर्जही गेला. धडपडत कालचा बॅकअप उघडला, तर त्यात सरांची ओळ जशीच्या तशी होती. तेवढी परत टाकायची. दोन मिनिटांचं काम, आणि घड्याळात तीनच वाजले होते. मी की-बोर्ड ओढला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "हात नको लावू."

आमच्याकडे जुना दंडक होता. आपल्या नात्यातल्या माणसाची नोंद आपण दुरुस्त करायची नाही, आणि करायचीच झाली तर दुसऱ्या ऑफिसची लेखी संमती आणायची. गोंदियाचे साहेब त्या दिवशी रजेवर. मी त्यांना घरी फोन लावला. ते म्हणाले, करा, माझी हरकत नाही, पत्र सोमवारी देतो. मी उड्या मारतच मॅडमकडे आलो.

"फोनले सही नसते, बाबू."

"मी काही तुमचा नातलग नाही न मॅडम! चूक माझी आहे, मी निस्तरतो."

"तू माह्या हाताखाली काम करतेस. तुहा हात तो माहाच हात."

आमचे साहेब बाहेर आले. माणूस भला. म्हणाले, "अहो मॅडम, टाका करून. कोण पाहते?"

"मी पाहून राहिली न, साहेब."

मग मात्र माझा तोल गेला. सगळ्यांदेखत ओरडलो, "नियम कायले घेऊन बसल्या तुम्ही! सर तिकडं सामान बांधून बसले आहेत!" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, नुसता शीण होता. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऑफिस फुटलं तवा मी नवीन होती. लोकांचे कागद वाटणं चालू होतं, हा गठ्ठा भंडाऱ्याचा, हा गोंदियाचा. एका मोठ्या बाबूनं आपल्या साळ्याचा कागद गोंदियाच्या गठ्ठ्यातून काढून इकडं सरकवला. माह्या डोळ्यांदेखत. मंग त्याच्या जागी दुसरीच एक बाई तिकडं गेली. लहान लेकरू होतं तिचं. मी बोलली नाही. त्या बाबूचा कागदही खराच होता म्हणे, साळा खरंच बिमार होता. सगळ्यायचे कागद खरेच असतेत, बाबू."

पाच वाजता यादी गेली. मॅडमनी तिच्यासोबत चिठ्ठी जोडली, की एक नोंद प्रोग्रामाच्या चुकीनं पुसली गेली आहे, संमती आल्यावर दुरुस्ती व्हावी. सोमवारी संमतीचं पत्र आलं, सरांची ओळ परत बसली, आणि त्याच दुपारी सचिवांचं उत्तरही आलं. लागलेली यादी बदलता येत नाही, पुढच्या वर्षी विचार करू.

त्या सोमवारीच मी जिल्हा आणि नंबर मिळून ओळख करणारा क्लास लिहिला, सगळ्या जोडण्या नव्यानं बांधल्या. अडीच तास लागले. अडीच तास! आजही मला हे कुणाला सांगायची लाज वाटते.

पुढच्या शनिवारी माफी मागायला म्हणून कारध्याला गेलो. सर ओसरीवर बसून मुलीला टेंभराची फळं फोडून देत होते. मला पाहून खुश झाले. "या, या! मॅडम तुमची लय तारीफ करतेत. यंदा नाही लागला आमचा नंबर. चालते जी, नऊ गेले तसं दहावं." मी मॅडमकडे पाहिलं. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "पुसलेल्या नोंदीचं विचारलं तर सांगीन. त्यायनं विचारलंच नाही." मी आणलेली माफी तशीच परत घेऊन आलो.

थंडीत, पौषात, देवरीच्या वसतिगृहात सर सकाळच्या प्रार्थनेला आले नाहीत. मुलं खोलीवर गेली तर सर खाली पडलेले. किती वेळचे पडलेले होते, कुणाला ठाऊक. शेजारी घरचं माणूस असतं तर लवकर दवाखान्यात नेता आलं असतं, असं डॉक्टर सहज म्हणाले. मी तिथं होतो, मी ऐकलं. मॅडमनीही ऐकलं. सरांची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. अॅम्ब्युलन्सनं ते कारध्याला आले आणि पुन्हा देवरीला गेले नाहीत. मॅडमच्या रजा संपल्या, बिनपगारी संपल्या, मग त्यांनी नोकरी सोडली. हिरव्या टिपांचं ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

मे महिन्यात यादी मी काढली. पाच वेळा तपासली, सहाव्यांदा पट्टी धरून वाचली. एक चूक नव्हती. कागदोपत्री सर अजून देवरीचेच, वैद्यकीय रजेवर, गेल्या वर्षीचा अर्जही कायम. प्रोग्रामाला बाकीचं काय माहीत? त्यानं दोन्ही दारं उघडली, दोन्हीकडची माणसं आपापल्या गावासकट आणली, ज्येष्ठतेनं लावली. भंडाऱ्यात वसतिगृहाची नवी जागा निघाली होती. तिच्यापुढे पहिलंच नाव होतं शहारे सरांचं.

पोस्टानं पाठवायची हिंमत झाली नाही. स्वतः गेलो. मॅडम पडवीत तांदूळ निवडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला. जिल्हा पाहिला, नंबर पाहिला, नाव पाहिलं.

"बरोबर आहे," म्हणाल्या.

एवढं ऐकून मला रडूच फुटलं. "मॅडम, माझ्यामुळं…"

"हो, तुह्यामुळं," मॅडम म्हणाल्या. "अन् माह्यामुळं पण. ते आता वाटून कायले घ्यायचं?"

आतून सरांनी काहीतरी विचारलं. आम्ही आत गेलो. मॅडमनी यादी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि नावावर बोट ठेवलं. सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्याची जी बाजू हलायची ती हसली. उशीवरून मान उचलायची त्यांची धडपड चालली होती. एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "रुजू… कधी… व्हायचं?"

मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो. मॅडमनी त्यांच्या मानेखालची उशी नीट केली.

"एक तारखेले," त्या म्हणाल्या. "झोपा जी आता."